पट्टीमामांची पाकिटं

हाडांच्या वॉर्डात कुणी पट्टीमामांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारली असती, तर त्यांनी मान वर केली नसती. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, आणि आई होती तोवर तिच्या तोंडी होतं. बायको 'अहो' म्हणायची. बाकी एकतीस वर्षं ते सगळ्यांचे पट्टीमामाच. घोटा मोडलेल्या एका सात वर्षांच्या मुलीने ते नाव ठेवलं होतं. ती बरी होऊन उड्या मारत घरी गेली आणि नाव वॉर्डातच राहिलं.

त्यांची ड्रेसिंगची खोली वॉर्डाच्या टोकाला होती. लांबट खोली, उत्तरेला खिडकी, मधोमध उंच टेबल, त्यावर मेणकापड. भिंतीवर एक्स-रे लावून बघायची दिव्याची पेटी आणि कोपऱ्यात लोखंडी कपाट, ज्याचं दार गुडघ्याने ढकलल्याशिवाय लागत नसे. पाय मोडलेली माणसं ऑपरेशननंतर बाराव्या-चौदाव्या दिवशी इथे यायची, कुबड्यांवर नाहीतर मुलाच्या खांद्यावर रेलून, आणि टेबल बघताच त्यांचा चेहरा उतरायचा. मग मामा विचारायचे, निघताना घराला कुलूप कुणी लावलं? माणूस आठवायला लागायचा. त्याला आठवेपर्यंत तीन टाके निघालेले असायचे.

हाड जुळलं का ते एक्स-रेत दिसतं. कातडी जुळली का ते मामांना दिसायचं. बोटाची उलटी बाजू जखमेजवळ नेऊन ऊब ओळखायची, कड हलकेच दाबायची, पट्टी सुटताच वास घ्यायचा. नवे डॉक्टर पुस्तकं वाचून यायचे आणि महिनाभरात "मामा, जरा बघता का" म्हणायला लागायचे. मामा बघायचे, सांगायचे. पण त्यांनी काय बघितलं ते कधी कुठे लिहिलं जात नसे.

मोडलेलं हाड बसवून झालं की वरची कातडी बंद करायच्या दोन रीती होत्या. एक जुनी, नायलॉनच्या दोऱ्याने एकेक टाका घालायची. दुसरी, कागदांना मारतो तशा यंत्राने धातूच्या पिना मारायची. टाक्यांना वीस मिनिटं लागत, पिनांना दोन-तीन. मामांच्या मनात पिनांबद्दल अढी बसली ती ताईमुळे. ताई म्हणजे त्यांची मोठी बहीण. आई कामावर जायची तेव्हा तिनेच त्यांना कडेवर घेऊन वाढवलं होतं. अडुसष्टाव्या वर्षी ती न्हाणीघरात घसरली आणि नडगीचं हाड मोडलं. त्या दिवशी थिएटरात रांग लागली होती, तिला पिना मारल्या. काढायला मामाच होते. कांद्याच्या सालीसारखी कातडी. सहाव्या पिनेबरोबर तिचा तुकडाच वर आला. ताई ओरडली नाही. टेबलाची कड धरून म्हणाली, "काढ रे तू. तुझा हात हलका आहे."

ती जखम भरायला दोन महिने लागले. पुढे दोन वर्षांनी ताई भलत्याच आजाराने गेली, पण तिचं ते वाक्य मामांच्या हाताला चिकटून राहिलं. त्यानंतर पिना काढायचं हत्यार उचललं की त्यांचे दात आपोआप एकमेकांवर बसत.

वॉर्डाच्या मुख्य सर्जनबाईंना सगळे नुसतं मॅडम म्हणत. बोलायला कमी, हाताला चलाख. दोरा की पिना हा वाद त्यांच्या थिएटरात रोजचाच होता. भूल देणारे डॉक्टर पिनांच्या बाजूचे. "पिना मारा आणि चहाला चला, माझा पेशंट जागा होतोय," असं ते प्रत्येक ऑपरेशनला म्हणायचे, आणि प्रत्येक वेळी स्वतःच हसायचे. कुणी म्हणे पिनांनी जखम जास्त पाझरते, कुणी म्हणे दोऱ्याने. एक दिवस हातमोजे काढता काढता मॅडम म्हणाल्या की आपण पंधरा वर्षं भांडतोय आणि खरं कुणालाच माहीत नाही. तिथून तो अभ्यास सुरू झाला.

रीत साधी होती. पायाच्या फ्रॅक्चरचे एकशेसाठ पेशंट घ्यायचे, त्यांना समजावून सही घ्यायची. निम्म्यांना टाके, निम्म्यांना पिना. कुणाला काय, हे ना डॉक्टरने ठरवायचं ना पेशंटने. बंद पाकिटात चिठ्ठी, आणि ऑपरेशन संपत आलं की पाकीट फोडून निघेल ते करायचं. थिएटरात पाकिटं ठेवली तर भूलवाले डॉक्टर चहाच्या ओढीने आधीच फोडतील, असं मॅडम अर्धं थट्टेत म्हणाल्या आणि सगळा गठ्ठा मामांच्या कपाटात ठेवून गेल्या. रोज सकाळी वरचं पाकीट पेशंटच्या फाइलला लावून पाठवायचं, एवढंच मामांचं काम. आणि दुसरं, मोठं काम म्हणजे वही. बाराव्या दिवशी, सहाव्या आठवड्याला आणि सहाव्या महिन्याला जखम बघून लिहायचं. लाली किती, पाझर किती, कड उघडली का, काढताना शून्य ते दहांत किती दुखलं.

"डॉक्टरांपेक्षा तुमच्या डोळ्यावर माझा भरवसा आहे," मॅडम म्हणाल्या होत्या.

मामांनी घरी नेऊन वहीला खाकी कव्हर घातलं. बायको शिवणकाम करायची, शाळांचे गणवेश आणि लोकांचे पडदे. तिने मशीन थांबवून सगळं ऐकून घेतलं, दातांत धरलेल्या टाचण्या काढल्या आणि म्हणाली, "आम्ही टाचण्या लावतो त्या कापड जागेवर धरायला. शिवतो दोऱ्यानेच. एवढ्याला एकशेसाठ माणसं कशाला? मला विचारायचं होतं."

मामा हसले. मनातून त्यांनाही तसंच वाटत होतं.

पहिली सोळा पाकिटं जशी होती तशी गेली. सतराव्याला एक आजी आल्या, एकोणऐंशी वर्षांच्या, नडगी मोडलेल्या. सलाइनची चिकटपट्टी काढताना त्यांच्या हाताची साल निघाली होती. मामांनी कपाट उघडलं, सतरा नंबरचं पाकीट काढलं. आपल्याला आत बघायचं नव्हतंच, असं ते पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिले. आजींचा एक्स-रे लावायला भिंतीवरची दिव्याची पेटी चालूच होती. पाकीट तिच्यावर टेकलं, आणि पातळ कागदातून अक्षरं वर आली. पिना.

ते थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग अठरावं पाकीट काढून तेही दिव्यावर धरलं. त्यात टाके होते. आजींच्या फाइलला अठरावं लागलं. सतरावं दुसऱ्या दिवशी एका निवृत्त बसचालकाच्या फाइलला लागलं, घोटा मोडलेल्या, दणकट पोटऱ्यांच्या. याला काय होतंय, असं मामांच्या मनात आलं. जीव भांड्यात पडला, आणि त्या दिवशी त्यांना ताईची आठवण वेगळीच आली, जणू ती मागे उभी राहून बघते आहे.

पुढे तो परिपाठच झाला. प्रत्येक पाकीट ते बघत नसत. पातळ कातडीचं कुणी आलं तरच. मधुमेहवाले, अगदी थकलेले म्हातारे, वर्षानुवर्षं गोळ्या खाऊन कातडी विरलेल्या बायका. त्यांना टाके जायचे आणि अडलेली पिनांची पाकिटं तरण्याताठ्यांकडे. पाकिटं तेवढीच राहत, चिठ्ठ्या तेवढ्याच, मागचं पुढे आणि पुढचं मागे एवढाच फरक. कुणाचं काही काढून घेतलंय असं त्यांना वाटलंच नाही. चिठ्ठीला डोळे नसतात, आपल्याला आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. पण ते त्यांनी कुणाजवळ म्हटलं नाही.

वहीत मात्र त्यांनी एक अक्षर खोटं लिहिलं नाही. आजींची जखम टाके घालूनही दोन जागी उघडली, ते लिहिलं. बसवाल्या काकांची पिनांची जखम तीन आठवडे पाझरत राहिली, तेही लिहिलं. काका दोन बस बदलून यायचे. सहाव्या महिन्याला तर पाय ठणठणीत असताना आले आणि टेबलावर चढत म्हणाले, "बघा, लिहा. शास्त्राला पाय दिलाय म्हटल्यावर हजेरी नको?"

तीन वर्षांनी एकशेसाठावी नोंद झाली. त्यानंतर महिन्याभरात मॅडमनी मामांना आपल्या खोलीत बोलावलं आणि समोरच्या खुर्चीवर बसवलं. मामा त्या खोलीत आजवर कधी बसले नव्हते. मॅडम एरवी न हसणाऱ्या, त्या दिवशी हसत होत्या.

"मामा, पिना जिंकल्या," त्या म्हणाल्या. "टाक्यांच्या जखमा जवळजवळ दुपटीने चिघळल्यात. मला उलटं वाटत होतं. तुम्हालाही, हो ना?"

त्यांनी लेखाचं शेवटचं पान पुढे सरकवलं. तिथे 'जखमांची पाहणी' असं लिहून पुढे एक नाव छापलं होतं. मामांनी ते दोनदा वाचलं तेव्हा कुठे कळलं की ते आपलं आहे.

जिना उतरताना त्यांना एकेक पाय आठवायला लागला. एकशेसाठांतले बहुतेक त्यांना पाठ होते. टाक्यांचे पाय आठवले की वर चेहरे यायचे ते सुरकुतलेले, थकलेले. पिनांच्या पायांवरचे चेहरे तरणे होते. मधल्या पायरीवर ते थांबले. विरलेली, न भरणारी कातडी वेचून वेचून त्यांनीच दोऱ्याच्या पदरात टाकली होती, चांगली कातडी पिनांना दिली होती, आणि आता दोरा हरला होता. ते कळायला आकडेमोड येण्याची गरज नव्हती. हे त्यांना तीन वर्षांत एकदाही का दिसलं नाही, हेच त्यांना कळेना.

उद्या सांगू, असं त्यांनी ठरवलं. दुसऱ्या दिवशी मॅडम परिषदेला गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा भूलवाल्या डॉक्टरांनी सगळ्यांना बिस्किटं वाटली आणि मामांच्या पाठीवर थाप मारली. तेव्हाही जीभ रेटली नाही. मग थिएटरच्या भिंतीवर कागद लागला की पायाच्या सर्व ऑपरेशनांत यापुढे पिनाच वापराव्यात. मामा तो कागद बघून आले. घरी बायको म्हणाली, भाजीत मीठ घालायचं राहिलं होतं, तुम्ही तर सगळी संपवलीत. "बरी होती की," ते म्हणाले. तिने त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं, पण विचारलं नाही. असे पाच आठवडे गेले.

सहाव्या आठवड्यात एक्याऐंशी वर्षांच्या एक निवृत्त शिक्षिका टेबलावर आल्या. नियमाप्रमाणे पिना. चौथीपासूनच कड सुटायला लागली. मामांनी कुलूप कुणी लावलं विचारलं. बाई म्हणाल्या, मी एकटीच राहते, मीच लावलं. मग खाली बघून संकोचाने म्हणाल्या, "तुमचं मेणकापड खराब झालं हो."

मामांनी पट्टी केली, बाईंना धरून उतरवलं, हात धुतले आणि तडक मॅडमच्या खोलीत गेले. या वेळी ते बसले नाहीत. सतराव्या पाकिटापासून सगळं सांगितलं. मॅडमनी मध्ये एकदाही अडवलं नाही. फक्त हातातलं पेन टोपण लावून खाली ठेवलं.

"किती?" त्यांनी विचारलं.

"मोजले नाहीत. तेवीस आठवतात. जास्त असतील."

"एकशेसाठात तेवीस," मॅडम म्हणाल्या. "आणि प्रत्येकामागे ज्याच्याकडे त्याचं पाकीट गेलं, तो एक."

मामांनी हे दुसरं धरलंच नव्हतं. त्यांनी ताईबद्दल सांगितलं, सहाव्या पिनेबद्दल. मॅडमनी ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाल्या, "ताईंची कातडी दोऱ्यानेही फाटली असती, मामा. कदाचित. तेच तर बघायचं होतं."

बाहेर कुणीतरी स्ट्रेचर ढकलत गेलं. त्याचं चाक कुरकुरत लांब गेलं.

"मला विचारलं का नाहीत?" मॅडम म्हणाल्या.

"तुम्ही नाही म्हणाला असता."

"नसते म्हणाले. ज्यांची कातडी इतकी पातळ आहे त्यांना आपण अभ्यासात घेतलंच नसतं. एक ओळ वाढवावी लागली असती नियमांत. वरून मला म्हणता आलं असतं की ही ओळ आमच्या ड्रेसरने सुचवली." त्यांनी खिडकीकडे बघितलं. "एक ओळ, मामा."

त्या रागावल्या असत्या तर मामांना सोपं गेलं असतं. नोकरी गेली असती तरी चाललं असतं. मॅडमनी त्याच दिवशी पत्र लिहून छापायला दिलेला लेख परत मागवला. पत्रात मामांचं नाव कुठेच नव्हतं. लिहिलं होतं की पाकिटं आणि नोंदवही एकाच माणसाच्या हाती देण्यात माझी चूक झाली, त्यामुळे हे निष्कर्ष ग्राह्य धरू नयेत. मामांना ते वाचायला दिलं तेव्हा ते म्हणाले, यात मी कुठेय? मॅडम म्हणाल्या, व्यवस्था माझी होती. मामांना वाटलं, आपलं नाव जिथे असायला हवं होतं नेमकी तीच जागा रिकामी राहिली. पण ते मागायचं कसं, हे त्यांना सुचलं नाही.

ज्यांनी सह्या केल्या होत्या त्या सगळ्यांना कळवणं भाग होतं. पत्रं छापून आली. पत्ते मामांनी हाताने लिहिले, खोलीतल्या उंच टेबलावर, उभ्याने. काही पत्ते लिहिताना हात थांबायचा. त्यांतली दोन माणसं आता नव्हती, तिथे त्यांनी घरच्यांच्या नावे पाठवलं.

बहुतेकांनी काही विचारलं नाही. बसवाले काका तेवढे आले, पत्र खिशात घालून, दोन बस बदलून. टेबलावर चढले नाहीत, स्टुलावर बसले.

"म्हणजे माझा पाय मोजलाच नाही?"

"मोजला होता," मामा म्हणाले. "माझ्यामुळे फुकट गेला." आणि मग, विचारलं नव्हतं तरी, त्यांनी सांगून टाकलं की तुमच्या वाट्याला खरं तर टाके यायचे होते. तुमच्या आदल्या दिवशीच्या एका आजींच्या पिना मी तुमच्याकडे वळवल्या.

काकांनी विजार जरा वर ओढून घोट्यावरचा व्रण बघितला. दोन्ही बाजूंनी ठिपक्यांची रांग होती, जिथे पाझरलं होतं तिथे काळसर डाग. "मग टाके असते तर हे पाझरलं नसतं?"

"ते सांगता येत नाही."

"तुम्हाला नाही सांगता येत?"

"आता कुणालाच नाही."

काकांनी विजार खाली सोडली आणि उठले. जाताना रागावून गेले की नाही ते मामांना समजलं नाही. दारातून एवढंच म्हणाले, "बस चालवताना मी कधी माझ्या मनाने थांबा वगळला नाही. म्हातारी दिसली म्हणून आधी थांबलो असेन. वगळला नाही." त्यानंतर काका फिरकले नाहीत. तपासणीच उरली नव्हती, यायचं कशाला?

थिएटरच्या भिंतीवरचा कागद मॅडमनी स्वतः काढला. कागद निघाला, सवय निघाली नाही. तोवर सगळ्यांचे हात पिनांना सरावले होते, आणि भूलवाल्या डॉक्टरांना चहा वेळेवर मिळायला लागला होता. मॅडमना तो अभ्यास पुन्हा करायचा होता, पण त्याला तीन वर्षं हवीत आणि त्यांच्या नोकरीचे चौदा महिने उरले होते. आपल्या जागी येणाऱ्या नव्या साहेबांना त्यांनी विचारून बघितलं. साहेब म्हणाले, बघू. मॅडम निवृत्त झाल्या त्या दिवशी वॉर्डाची चक्कर मारून मामांच्या खोलीत आल्या, दोन मिनिटं खिडकीशी उभ्या राहिल्या, मामांची तब्येत विचारली आणि गेल्या. 

मामांच्या नोकरीचं वर्षभर बाकी होतं. ते पिना काढत राहिले, क्वचित टाकेही. हात अजून तितकाच हलका होता. लोक अजून कुलूप आठवत बसायचे.

अशातच एका सकाळी एका पेशंटच्या सूनबाई आल्या. सासूबाई आत ऑपरेशनच्या कपड्यांत निजल्या होत्या, पंच्याहत्तरच्या घरातल्या, मांडीचं हाड मोडलेल्या. सूनबाईंच्या हातात सहीचा कागद होता, आणि कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की जखमेचं विचारायचं तर पट्टीमामांना विचारा.

"मामा, तुमचं आयुष्य यात गेलं," त्या म्हणाल्या. "खरं सांगा. पिना बऱ्या की टाके?"

पूर्वी या प्रश्नाला मामांचं उत्तर तोंडावर असायचं, प्रश्न संपायच्या आत. आता त्यांनी हातातलं हत्यार ताटलीत ठेवलं.

"माहीत नाही, बाई."

सूनबाईंना वाटलं ते हातचं राखून बोलताहेत, डॉक्टरांना घाबरताहेत. त्या जरा पुढे झुकल्या. "असं कसं? कुणीतरी कधी बघितलंच असेल की."

"बघितलं होतं," मामा म्हणाले. "कळणारही होतं. माझ्यामुळे राहून गेलं."

मग त्यांनी बाईंच्या हातातला कागद घेतला, सही कुठे करायची ती जागा बोटाने दाखवली, आणि त्यांना विचारलं की सासूबाईंची कातडी कशी आहे, हे तुम्ही डॉक्टरांना सांगितलंत का. नाही म्हणाल्यावर म्हणाले, "सांगा. आत जायच्या आधी सांगा. विचारलं नाही तरी सांगा."